पितळी डब्यातली माती

रोज सकाळी पाव कापण्याआधी लुडविक झारेंबा तो उलटा करायचा आणि सुरीच्या टोकानं त्याच्या पोटावर क्रूस काढायचा. इतका हलका, की रेघसुद्धा उमटत नसे. मग पाव सुलटा करून छातीशी धरायचा आणि सुरी स्वतःच्या दिशेनं ओढत कापायला लागायचा.

"एक दिवस पावाबरोबर स्वतःलाही कापशील," फेला म्हणायची.

"कापलं तर लोणी लाव," तो म्हणायचा.

कडेचा पहिला टणक तुकडा तिच्या ताटलीत यायचा. तो तिला फारसा आवडत नसे. पण लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं तो मोठ्या मायेनं पुढे केला, तिनं भिडेखातर आवडतो म्हणून सांगितलं, आणि पुढे खरं सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. संसारात अशा गोष्टी असतात. चावून चावून त्या मऊ होतात.

स्वयंपाकघराची खिडकी उताराकडे उघडायची. खाली हडर्सफील्डच्या लोकरीच्या गिरण्या, बहुतेक आता बंद पडलेल्या. लुडविक चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून तिथं उभा राहायचा. धुकं दाट असलं की आधी धुराडी पुसली जायची, मग समोरची टेकडी, आणि काचेपलीकडे नुसता पांढरा, सपाट विस्तार उरायचा. अशा वेळी तो बोलत नसे. फेलाला वाटायचं, हा आत्ता इथं नाही. कुठं आहे ते मात्र तिला नक्की सांगता आलं नसतं, कारण त्याच्याकडे जायला जागा फार होत्या. जुन्या पोलंडच्या पूर्व टोकाला पोडोलियातली एक वस्ती, जिथून तो चार वर्षांचा असताना रशियन शिपायांनी त्याला, त्याच्या आईला आणि मोठ्या बहिणीला ऐन हिवाळ्यात मालगाडीत चढवलं. उत्तरेतलं बर्फाचं जंगल. कॅस्पियनचा किनारा. मग हिंदुस्थानात, कोल्हापूरजवळ वळिवडे नावाच्या गावची छावणी, जिथं तो शाळेत गेला आणि नदीत पोहायला शिकला. आणि शेवटी हे गाव, जिथं सैन्यातून सुटलेल्या बापानं सगळ्यांना बोलावून घेतलं आणि उरलेलं सगळं आयुष्य निघालं.

फेलाचं तसं नव्हतं. ती क्राकूवजवळच्या खेड्यातली. मावशीकडे म्हणून आली आणि इथलीच झाली. पण तिचं खेडं होतं तिथंच होतं. उन्हाळ्यात गेलं की भाऊ घ्यायला यायचा, अंगणातला कुत्रा भुंकायचा, पंपाचं पाणी दातांना झोंबायचं. लुडविकच्या वस्तीवरून मात्र युद्धानंतर सरहद्दच सरकली. घरं पाडून तिथं शेत केलं गेलं. पुढे रस्ते खुले झाले तेव्हा पोलिश क्लबातली काही मंडळी बस करून तिकडे जाऊन आली. लुडविक गेला नाही.

"जाऊन उभा कुठं राहू?" तो म्हणाला. "लोकांच्या गव्हात?"

तो शहरात बस चालवायचा. ती नोकरी. पण त्याचा खरा दिवस नोकरी संपल्यावर सुरू व्हायचा. क्लबाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या शनिवारच्या पोलिश शाळेचा बॉयलर पेटवायला सगळ्यांच्या आधी तो. क्लबाच्या खटारा व्हॅनमधून म्हाताऱ्यांना चर्चला न्यायला आणि परत घरी सोडायला तो. नाताळच्या आधी पातळ, पांढऱ्या, पापडीसारख्या प्रसादाची पाकिटं घरोघर पोचवायला तो. आणि कुणाला इंग्रजी येत नसलं की दवाखान्यात दुभाष्या म्हणूनही तोच.

सुलिमाबाईंची गोष्ट क्लबात अजून सांगतात. बाई डॉक्टरांपुढे बसल्या आणि एका दमात बोलत सुटल्या. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले. बाई थांबल्यावर लुडविकनं एवढंच सांगितलं, "यांचं पोट दुखतं."

"मी इतकं बोलले आणि तू एवढंच सांगितलंस?" बाहेर आल्यावर सुलिमाबाईंनी विचारलं.

"बाकीचं तुमच्या सुनेबद्दल होतं. त्यावर यांच्याकडे औषध नाही."

सुलिमाबाई महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. पण दवाखान्यात जाताना दुसऱ्या कुणाला घेऊनही गेल्या नाहीत.

त्यांची एकुलती मुलगी इवोना लहानपणी म्हणायची, "बाबा घरात हवे असतील तर आजारी पडावं लागतं." ती आजारी पडली की तो खरोखरच कुठं जात नसे. पलंगाला खुर्ची लावून बसायचा आणि गोष्टी येत नसल्यामुळे आपल्या बसचे थांबे एकामागून एक पुटपुटायचा. शेवटचा थांबा येईपर्यंत ती झोपलेली असायची, म्हणून ती बस कुठं जाते हे तिला कधी कळलंच नाही. आता ती लीड्सला राहते, तिचा स्वतःचा संसार आहे. झोप येईनाशी झाली की तिला अजून ते थांबे ऐकू येतात.

आणि मर्तिकं.

स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, एक पितळी डबा असायचा. कडीचा, वरून थोडा चेपलेला. लुडविकच्या आईनं तो वळिवड्याला असताना बाजारातून घेतला होता. डब्यात काळीभोर माती होती. क्लबात म्हणायचे, डबा हिंदुस्थानातला आणि माती घरची.

ते असं झालं होतं. लुडविक-फेलाच्या लग्नाला थोडेच दिवस झाले असताना म्हातारी गेली. जाण्याआधी तिनं मुलाला सांगितलं, "डब्यातली माती माझ्यावर टाक." लुडविक डबा घेऊन दफनभूमीत गेला. तेव्हाचे फादर वयस्क होते, तेही तिकडचेच. त्यांनी ती काळी माती पाहिली आणि त्यांचा आवाज कापायला लागला. ते म्हणाले, ही आपल्या घरची माती, या माउलीनं बर्फातून, वाळवंटातून, समुद्रावरून उराशी जपून आणली. जमलेल्या लोकांत एक हुंदका फुटला, मग दुसरा. नवी नवरी फेलाही रडली. तिनंच तेव्हा नवऱ्याचा हात धरला होता. तो हात थंड होता आणि हललाही नाही, एवढं तिला आठवतं.

पुढल्याच महिन्यात गिरणीच्या रंगखात्यात अपघात होऊन सेवेरीन नावाचा तरुण गेला. त्याची बायको दारात आली. आत यायलाही तयार नव्हती. "एक चिमूट मिळेल का?" एवढंच म्हणाली. लुडविक काहीतरी बोलणार होता. ओठ उघडले होते त्यानं. मग आत गेला आणि डबा घेऊन आला.

तेव्हापासून ती रीतच पडली. शवपेटी खाली उतरली की लोक बाजूला सरकायचे, लुडविक पुढे यायचा, मिठाच्या छोट्या लाकडी चमच्यानं थोडी माती काढायचा, घरच्यांच्या तळहातावर ठेवायचा आणि मागे जाऊन उभा राहायचा. त्यानं त्यावर कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. कुणी आभार मानले की टोपी घालायची घाई करायचा.

फेलाला सुरुवातीला याचा अभिमान होता. मग वर्षं गेली. जे लोक इथं तरणेताठे आले होते ते एकामागून एक जायला लागले, हिवाळ्यात तर जास्तच, आणि एका दुपारी भांडी पुसताना फेलानं सहज डबा उचलला तर तो हलका लागला. तिनं झाकण उघडून पाहिलं. माती तळाला गेली होती.

त्या दिवसापासून तिला एकच घोर लागला. सगळ्या गावाला घरची माती मिळाली, आणि ज्याची ती आहे त्यालाच उरणार नाही.

"आपल्यासाठी थोडी बाजूला काढून ठेव," ती म्हणाली.

"आपल्यासाठी? तुझं खेडं तर शाबूत आहे."

"तुझ्यासाठी म्हणतेय मी."

"मला कुठं घाई आहे?"

"तुला नसेल. तुझ्या छातीतल्या यंत्राला आहे." डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की हृदय दमलंय, चढ टाळा. हडर्सफील्डमध्ये चढ टाळायचा म्हणजे घरातच बसायला हवं.

तो हसला आणि व्हॅनची किल्ली शोधायला लागला. फेलानं एकदा ठरवलं, की त्याच्या नकळत दोन चमचे काढून घ्यायचे. कागदाची पुडी करून ती फळीपाशी उभी राहिली. मग तिला वाटलं, हे म्हणजे चर्चच्या पेटीत हात घालणं झालं. पुडी तिनं परत उलगडून ठेवली.

त्या नोव्हेंबरात हिपोलित व्रोना आजारी पडला.

हा व्रोना पश्चिमेकडच्या पोझनानचा. कॉलर कडक, बूट चकचकीत. पूर्वेकडून आलेल्यांना तो 'अस्वलांचे शेजारी' म्हणायचा. क्लबाच्या समितीतून लुडविकला त्यानंच काढायला लावलं होतं, कारण लुडविकनं समितीला न विचारता क्लबाचं बिलियर्डचं टेबल हलवून तिथं म्हाताऱ्या बायकांना बसायला बाकं टाकली होती. नंतर कितीतरी वर्षं व्रोना त्याला नावानं हाक मारत नसे. 'ड्रायव्हर' म्हणायचा.

त्यानं निरोप धाडला. लुडविक फेलाला घेऊन गेला, आणि दाराशी बसलेल्या तिला आतलं सगळं ऐकू आलं.

"ड्रायव्हर, मलाही थोडी ठेव."

"तुमचं पोझनान आहे की जागच्या जागी. पुतण्याला सांगा, पोतं भरून पाठवेल."

"पुतण्यानं घर विकलं, मला कळवलंही नाही." थोडा वेळ नुसता खोकला. "आणि त्याच्यापुढे हात पसरण्यापेक्षा तुझ्यापुढे पसरलेला बरा. तू निदान लोकांत बोलणार नाहीस."

"ही तुमच्या गावची नाही, व्रोनासाहेब. अस्वलांकडची आहे."

"असू दे. आता नाक मुरडायला नाकात दम नाही."

दफनाच्या दिवशी पाऊस इतका बारीक होता की तो पडतोय की नुसता हवेत उभा आहे ते कळत नव्हतं. लुडविकनं चमचा फिरवला. तळाशी काही लागेना. व्रोनाच्या बाजूनं तळहात पुढे करायलाही घरचं कुणी नव्हतं. तेव्हा त्यानं डबा उलटा केला आणि तळावर हळूच थापट्या मारल्या. पितळेचा आवाज धुक्यात लांबवर गेला. शेवटचं जे होतं ते सगळं खाली पडलं.

 घरी ओव्हरकोट खुंटीला लावताना फेला म्हणाली, "त्याला. सगळ्या जगात त्याला."

"तो गेला होता, फेला. दुसऱ्या कुणाची पाळी नव्हती त्या दिवशी."

 तिनं बटाटे सोलायला घेतले आणि सालं इतकी जाड निघाली की बटाटे निम्मेच उरले.

तिच्या मनात अजून एक आशा होती. लुडविकची बहीण ब्रोन्या वृद्धाश्रमात असायची. आईचं काहीबाही तिच्याकडे होतं. कुठल्या तरी कपाटात, कुठल्या तरी रुमालात तिनंही थोडी माती राखली असेल. डिसेंबरातल्या एका दुपारी फेला तिच्याकडे गेली. खोलीत ऊन आणि सफरचंदांचा वास होता. ब्रोन्या खिडकीशी बसून पेंगत होती.

"ब्रोन्याताई, तुमच्याकडे घरची माती आहे का थोडी? लुडविकसाठी हवी आहे. त्यानं डबा रिकामा केला."

"कुठल्या घरची?"

"तुमच्या. पोडोलियातली. डब्यातली."

ब्रोन्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. फेलाला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"अगं, ती कुठली पोडोलियातली? ती आईनं आणली होती खरी. शिपाई दारात उभे असताना तळघरात पळाली आणि ज्या मातीत गाजरं पुरून ठेवली होती त्यातली मूठभर रुमालात बांधून घेतली. जंगलात उशाशी असायची. पण कॅस्पियनच्या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा उवांच्या भीतीनं सगळ्यांचे कपडे जाळले ना. ढीगच्या ढीग. आईचं गाठोडं त्यात गेलं. ती त्या धुराकडे बघत नुसती उभी होती."

"मग डब्यात काय होतं?"

"वळिवड्याची."

 खिडकीतलं ऊन जमिनीवरून थोडं सरकलं.

"तिथं आम्हांला एक खोली होती, कौलांची, पुढे ओसरी. ओसरीपुढे आईनं वाफा केला. छावणीच्या फाटकाशी गावातल्या बायका भाजी घेऊन यायच्या. एकीच्या पाटीत आईला शेपू दिसला. आपला शेपू, बटाट्यावर घालतो तोच. आई ती जुडी नाकाशी धरून इतका वेळ उभी राहिली की ती बाई घाबरली, पैसेच घेईना. मग आईनं बी मिळवलं आणि पेरलं. बघ, आधी पेरलेलं सगळं आम्ही टाकून आलो होतो. तिथं पहिल्यांदा असं झालं, की पेरलेलं उगवलं आणि खायला आम्ही जागेवर होतो. निघताना तिनं त्या वाफ्यातली माती डब्यात भरली. तीपण काळीच."

"आणि फादर जेव्हा म्हणाले…"

"पाद्रीबाबांना भर मर्तिकात कोण अडवणार? शिवाय छान बोलत होते ते."

"लुडविकला माहीत आहे का हे?"

"लुडविक तेव्हा चिमुरडा होता गं. त्याला काय आठवणार?" असं म्हणून ब्रोन्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं ती बोलली तेव्हा ते फेलाशी नव्हतं. "आई, चप्पल घाल. ओसरीवर विंचू असतो."

बसमध्ये बसून फेला घरी निघाली. बाहेर अंधारून आलं होतं, काचेवर तिचाच चेहरा दिसत होता आणि त्यातून दुकानांचे दिवे जात होते. टेकडीवरच्या त्या सगळ्या कबरी तिच्या डोळ्यांपुढे आल्या. सेवेरीन, त्याच्या मागून गेलेली त्याची बायको, फादर स्वतः, व्रोना. सगळे आपापल्या घरच्या मातीखाली निवांत पडले आहेत, आणि ती माती त्यांनी कधी न पाहिलेल्या एका गावातली, शेपूच्या वाफ्यातली. तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. एवढंच वाटलं, की लुडविकला हे कळता कामा नये. ज्या माणसानं एवढी वर्षं लोकांच्या तळहातावर ही माती ठेवली, त्याच्या दमलेल्या हृदयावर आता हे कशाला ठेवायचं?

नाताळ झाला. ती गप्पच राहिली. पाव कापला जायचा, कडेचा तुकडा ताटलीत यायचा, ती तो चावत बसायची आणि रिकामा डबा फळीवरून तिच्याकडे बघत असायचा.

जानेवारीत सुलिमाबाई गेल्या. फोन वाजला तेव्हा लुडविक अंघोळ करत होता. फेलानं उचलला. सुलिमाबाईंची सून होती. रडून रडून घसा बसलेला.

"फेलाकाकू, लुडविककाकांना डबा घेऊन यायला सांगाल ना? आई शेवटच्या आठवड्यात दोनदा म्हणाल्या. मला शिव्या देताना मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, घरची माती मात्र घालायला लाव."

फेलानं तोंड उघडलं. डबा रिकामा आहे, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पलीकडे सून नाक ओढत वाट बघत होती.

"आणतो आम्ही," फेला म्हणाली.

तिनं फोन ठेवला. मग अंगात कोट घातला, डबा पिशवीत टाकला आणि दूध आणायला जाते असं न्हाणीघराच्या दाराशी सांगून बाहेर पडली. गावाच्या कडेला त्यांचा भाड्याचा छोटा मळा होता. लग्नापासून लुडविक तिथं बीट, बटाटे आणि कोबी लावत आला होता. रात्रीचं दव गोठलेलं होतं. तिनं फावड्यानं वरचा कडक थर फोडला. खालची माती मऊ, ओली आणि काळी निघाली. वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातली सालं, टरफलं खत होऊन तिच्यातच तर मुरत होती.

दफनभूमीत लुडविक नेहमीसारखा पुढे झाला. डबा फेलानं त्याच्या हातात दिला होता, आणि तो जड लागल्यावर त्यानं भुवईसुद्धा हलवली नव्हती. झाकण उघडलं. चमचा आत गेला, थांबला. त्यानं मान वर करून खड्ड्यापलीकडे उभ्या असलेल्या फेलाकडे पाहिलं. ती आपल्या हातमोज्यांकडे बघत होती. मग त्यानं चमचा वर काढला आणि सुनेच्या तळहातावर सांभाळून माती ठेवली.

परतताना व्हॅनचा हीटर नेहमीप्रमाणे बंद होता. काचेवर वाफ धरत होती आणि लुडविक ती बाहीनं पुसत होता.

"बीटच्या वाफ्यातली?" त्यानं विचारलं.

फेलानं हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"अंड्याची टरफलं वर आली."

"कुणी पाहिलं?"

"सून रडत होती. तिला रडताना बघायला खरं तर सुलिमाबाई हव्या होत्या."

पुढे सिग्नल लाल झाला. काचेवरचे पावसाचे थेंब लाल झाले, मग हिरवे झाले, तरी तो थोडा वेळ तसाच थांबला.

"ब्रोन्याताईंनी मला सांगितलं," फेला म्हणाली. हे आपण बोलणार आहोत हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. "वळिवड्याचं."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. लुडविकनं गाडी चढावर घातली.

"आई खणत होती तेव्हा डबा मी धरला होता," तो म्हणाला. "सारखी म्हणायची, नीट धर, सांडतोय."

"म्हणजे तुला पहिल्यापासून…"

"फोनवर तू काय म्हणालीस सुलिमांच्या सुनेला?"

"आणतो म्हणाले."

"हं," लुडविक म्हणाला.

गिरण्या आल्या आणि मागे गेल्या. धुकं उतारावरून खाली येत होतं. फेलाला वाटलं, या गाडीत आता आपण दोघंच नाही, मागच्या बाकांवर ती सगळी म्हातारी मंडळी दाटीवाटीनं बसली आहेत, मांडीवर हात ठेवून, आणि लुडविक त्यांना घरी सोडायला निघाला आहे. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"तुझ्यासाठी मला हवी होती ती," ती म्हणाली. "तुझ्यासाठी काहीच उरलं नाही."

"बीट चांगलं येतं तिथं," तो म्हणाला, आणि घराशी गाडी लावली.

त्यानंतर त्यावर त्यांचं बोलणं झालं नाही. पण फेलाला रात्री शांत झोप लागायला लागली. रविवारी दोघं मळ्यात जायची. तो पालथ्या बादलीवर बसून सूचना करायचा आणि ती त्या ऐकायची नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तो शाळेचा बॉयलर पेटवायला गेला. बॉयलर त्यानं पेटवला. शिक्षिका आल्या तेव्हा हॉल उबदार झाला होता, आणि लुडविक त्यानंच टाकलेल्या बाकांपैकी एकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून, भिंतीला डोकं टेकून बसला होता. त्यांना वाटलं, डोळा लागलाय. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी मुलांना थोडा वेळ बाहेरच उभं केलं.

इवोना लीड्सहून आली. दुसऱ्या दिवशी मायलेकी डबा घेऊन मळ्यात गेल्या. इवोनाला आईनं सगळं सांगितलं होतं आणि ती वाटभर कधी हसत, कधी डोळे पुसत आली होती. फेला वाफ्याच्या डाव्या कडेला गुडघे टेकून खणायला लागली.

"आई, इकडे कशाला? पलीकडची माती मऊ दिसतेय."

"नको. इथलीच घेऊ."

संध्याकाळी फादर गाब्रिएल घरी आले. तरुण होते, पोलंडहून येऊन थोडेच महिने झाले होते. त्यांनी चहा घेतला, हळू आवाजात दोन शब्द बोलले, मग थोडे अडखळले. प्रवचनात सांगण्यासारखं काही हवं होतं त्यांना. इतक्या लोकांना घरची माती देणारा माणूस; जाताना काही म्हणाला असेल. त्या सकाळी शेवटचं काय बोलणं झालं?

फेलाला ती सकाळ आठवली. चार दिवसांनी ऊन पडलं होतं. तिनं म्हटलं होतं, डबा अर्धाच भरलाय, आज जाऊन अजून माती घेऊन येते. लुडविक दारात मफलर गुंडाळत होता, किल्ली दातांत धरलेली. ती काढून हातात घेतली आणि म्हणाला,

"आण. पण उजव्या कोपऱ्यात उकरू नकोस, तिथं लसूण लावलाय."